फिरकी कोण धरणार? दुःखावरच्या पहिल्या लघुपटाची संहिता आखताना

दिवाळीची सुटी संपली की बडोद्यातली कॉलेजची मुलं वर्षाच्या लघुपटाच्या मागे लागतात. माझ्याकडे वही घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांना कुणाच्या तरी जाण्यावर लिहायचं असतं. आजी गेलेली असते, मित्र अपघातात गेलेला असतो, कुणाचे वडील करोनात गेलेले असतात. वही उघडली की पहिल्या पानावर हॉस्पिटल, मॉनिटरवरची सरळ रेघ, हार घातलेला फोटो आणि खिडकीबाहेर पाऊस. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं. कागदावर मात्र त्याच्या घराचं काहीच उतरलेलं नसतं, ते पान कुणाच्याही घरचं असू शकतं.

माझे वडील गेले त्या आठवड्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा चार रात्री उघडा राहिला. अडसर लावायचं काम बाबांचं होतं. आईला वाटलं भावानं लावला असेल, भावाला वाटलं मी. पाचव्या दिवशी दूधवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं. त्यानंतर काही महिन्यांनी मी बाबांच्या जाण्यावर बारा पानं लिहिली आणि त्यात हा दरवाजा कुठेही नव्हता. आज कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: माणूस गेला की त्याचं रोजचं एक काम मोकळं पडतं, संहिता तिथून सुरू करा. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी घरच्यांना विचारा

गोष्ट तुमच्या घरची असेल तर लिहायच्या आधी घरात बोला. आईला, बहिणीला, काकांना सांगा की मी यावर लिहितोय, तुमच्यातलं काही त्यात येईल. कुणी नको म्हटलं तर तो भाग सोडा. गोष्ट शेजाऱ्यांची किंवा मित्राची असेल तर हा नियम दुप्पट कडक. गेलेल्या माणसाचा खरा फोटो, खरा आवाज, व्हॉट्सॲपवरचा शेवटचा निरोप, हे परवानगीशिवाय वापरायचं नाही.

घटना अगदी ताजी असेल तर लिहा, पण दिग्दर्शन वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. तोच प्रसंग दहा टेक पाहणं सोपं नसतं. लिहिताना झोप उडाली, जेवण तुटलं तर थांबा आणि कुणाशी तरी बोला. सरकारची टेलीमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येतं.

दुःख दुसऱ्या गोष्टीत ठेवूनही सांगता येतं. दादासाहेब फाळके याच गावात, कलाभवनात शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला आणि तिथेच प्लेगात त्यांची पत्नी आणि मूल गेलं. १९१३ साली पडद्यावर आलेल्या त्यांच्या पहिल्या चित्रपटात हरिश्चंद्राची कथा आहे, ज्यात तारामती मेलेल्या मुलाला घेऊन स्मशानात येते. स्वतःचं घर त्यांनी दाखवलं नाही. तुम्हालाही नावं, नाती, गल्ली बदलायची पूर्ण मोकळीक आहे.

पायरी २: मोकळं पडलेलं काम शोधा

ही पायरी घाईने उरकू नका. एक कोरं पान घ्या आणि तो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत हातांनी काय काय करायचा ते लिहा. गुण लिहायचे नाहीत. 'खूप प्रेमळ होते' यावर काट मारा. 'दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ उभे राहायचे' हे ठेवा. 'शिस्तीचे होते' यावर काट. 'रोज रात्री घड्याळ दोन मिनिटं पुढे करायचे' हे ठेवा. वीसेक ओळी झाल्याशिवाय उठू नका. पहिल्या सात-आठ ओळी सगळ्यांच्या सारख्याच येतात, खरा माणूस त्याच्या पुढे सापडायला लागतो.

मग त्यातलं एकच काम निवडा. ते डोळ्यांना दिसायला हवं, कानांना ऐकू यायला हवं, आणि शक्य तर ते दोघांनी मिळून करायचं असावं. दोघांच्या कामातला एक गेला की दुसऱ्याचा हात हवेत राहतो आणि प्रेक्षकाला तो दिसतो.

बडोद्यात राहणाऱ्याला असं काम शोधायला लांब जावं लागत नाही. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पाहा. पतंग उडवणारा पुढे, कठड्याजवळ, नजर आभाळात. फिरकी, म्हणजे दोरी गुंडाळलेलं रीळ, धरणारा त्याच्या मागे. उडवणाऱ्याला तो दिसत नाही. दोरी सुटतेय की अडतेय यावरून आणि फिरकीच्या खरखरीवरून तो मागे आहे हे कळतं. तरीही सगळा पतंग त्याच्या हातावर चालतो. ढील वेळेवर मिळाली नाही तर पतंग गेलाच.

समजा नीरजा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आहे. ती पतंग उडवायची आणि बाबा फिरकी धरायचे. बाबा पावसाळ्यात गेले. आता फिरकी कोण धरणार? या प्रश्नावर आठ मिनिटांचा लघुपट उभा राहतो. शिवाय बाबांना पडद्यावर दाखवायचीच गरज उरत नाही, कारण जिवंतपणीही ते तिच्या मागेच असायचे. फ्लॅशबॅक वाचला, एक नट वाचला. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी मी हेच उदाहरण घेतो.

पायरी ३: दिवस ठरवा

तुमचा लघुपट मृत्यूनंतरच्या नेमक्या कुठल्या दिवशी घडतो? बहुतेक मुलं पहिला दिवस धरतात. त्या दिवशी घरात गर्दी असते आणि जे घडतं ते बहुतेक रीतीप्रमाणे घडतं. कुणी निवडलेलं त्यात फार थोडं असतं.

आपल्या मराठी घरांत साधारण दहा दिवस सुतक, दहाव्याला पिंड, मग तेरावा, आणि वर्षाने वर्षश्राद्ध. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत त्याच्या जोडीला बेसणंही ठेवतात: पेपरात फोटो आणि वेळ छापून येते, पांढऱ्या कपड्यांत लोक येतात, फोटोला हात जोडतात, थोडा वेळ शांत बसून उठतात. खासवाडीच्या स्मशानातून परत येऊन अंघोळ करायची आणि दोन-चार दिवसांनी गुजराती शेजाऱ्यांच्या रीतीने सतरंजी अंथरायची, हे इथल्या घरांत दिसतं. पटकथेला त्यातून खूप मिळू शकतं, पण ते नीट माहीत असलेल्या माणसाला विचारून लिहा. घरातल्या एखाद्या आत्याकडे तास-दीड तास बसलात तर नेटवर सापडत नाही ते मिळेल. मात्र कुणाच्या खऱ्या बेसण्यात किंवा स्मशानात फोन काढून शूट करायचं नाही, लपून तर नाहीच.

मला स्वतःला पहिल्या सणाचा दिवस सगळ्यात कसदार वाटतो. वर्षाच्या आतला सण आपण बहुतेक घरांत करत नाही. तिळगूळ शेजारून येतो, घरात होत नाही. आणि बडोद्यात त्याच दिवशी आख्खं गाव गच्चीवर असतं. खाली मराठी घरात दिवा मंद, वर पाच गच्च्यांवरून 'काप्यो छे!'ची आरोळी. ताण आपोआप तयार झाला, तुम्ही फक्त तो ओळखायचा.

पण १४ जानेवारीला शूट करणं विद्यार्थ्याला झेपत नाही. भोंगे, गर्दी, आणि युनिटमधली अर्धी मुलं मामाच्या गच्चीवर. १५ला वासी उत्तरायण, तेव्हाही तेच. म्हणून गोष्टच १६ तारखेला न्या. त्या सकाळी भोंगे थांबलेले असतात, तारांवर आणि झाडांवर फाटके पतंग लोंबकळत असतात, गच्च्यांवर उंधियूच्या रिकाम्या कागदी बशा पडलेल्या असतात. फुकटचा सेट आहे, कुणी लाख रुपयांत उभा करून देणार नाही. आणि कथेतही गाठ सुटते: आईने सण करायचा नाही म्हटलं होतं. १६ला सण संपलेला आहे. त्या दिवशी नीरजाने पतंग काढला तर शब्द मोडत नाही.

पायरी ४: एका वाक्यात सांगा

कोण, काय करायला बघतंय, आणि अडतंय कुठे. 'बाबांशिवायच्या पहिल्या उत्तरायणानंतरच्या सकाळी नीरजा एकटीने पतंग उडवायला जाते, पण फिरकी जमिनीवर ठेवून पतंग उडत नाही.' झालं. यात 'दुःख', 'आठवणी', 'पोकळी' हे शब्द नाहीत. तुमच्या वाक्यात आले तर वाक्य पुन्हा लिहा.

पायरी ५: काय घालायचं नाही

कावळा घालू नका. पिंडाला कावळा शिवत नाही आणि मग कुणी तरी मनातली इच्छा बोलतं, हे प्रत्येक मराठी प्रेक्षकाला आधीच माहीत आहे. पहिला कावळा दिसताच तो शेवट ओळखतो.

मांजाने कापलेला पक्षीही नको. उत्तरायणात पक्षी जखमी होतात हे खरं आहे, गुजरातेत त्या दिवसांत त्यांच्यासाठी करुणा अभियान चालतं. तो स्वतंत्र विषय आहे. पक्ष्याच्या वेदनेला आईच्या वेदनेचं चिन्ह करून टाकलंत तर दोघांवरही अन्याय होतो.

संक्रांतीचं हळदीकुंकूही मुलांना इथे घालावंसं वाटतं: यंदा आईला कुणी बोलावलं नाही. हा विषय फार मोठा आहे आणि माझ्या मते त्यावर वेगळा, पूर्ण लघुपट व्हायला हवा. फिरकीच्या गोष्टीत दोन मिनिटांचा तुकडा म्हणून तो आला तर दोन्ही गोष्टी पांगळ्या होतील. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या वर्षी करा.

पायरी ६: दृश्यांची यादी

पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एक दृश्य. सात-आठपेक्षा जास्त चिठ्ठ्या झाल्या तर आठ मिनिटांत मावणार नाहीत. जागा दोन, माणसं तीन. आमच्या उदाहरणात स्वयंपाकघर आणि गच्ची, नीरजा, आई आणि शेजारचा जिगर.

साधारण अशी जुळणी होईल. १५च्या संध्याकाळी नीरजा बंद खिडकीआडून आरडाओरडा ऐकतेय. शेजारून चिक्कीची ताटली येते, आई ती झाकून ठेवते. १६च्या पहाटे नीरजा माळ्यावरून फिरकी काढते, आई बघते, बोलत नाही. गच्चीवर जिगर म्हणतो, 'चाल ने, फिरकी हुं पकडुं.' ती नको म्हणते. एकटी उडवायला बघते, दोरीचा गुंता होतो. मग पुढचं दृश्य. ते पूर्ण लिहून दाखवतो, म्हणजे पानावर किती आणि कसं लिहायचं ते कळेल.

दृश्य ६. बाहेर. गच्ची. सकाळ.

नीरजा कठड्याकडे तोंड करून. बोटांना चिकटपट्टी. पतंग वर चढतोय. फिरकी तिच्या मागे जमिनीवर उड्या मारतेय.

जिन्यात पावलं. चपला काढल्याचा आवाज. फिरकी जमिनीवरून उचलली जाते. नीरजा मागे बघत नाही. दोरी सरळ सुटायला लागते.

वारा. दोरी ताणते.

नीरजा: बाबा, ढील.

फिरकीची खरखर थांबते.

दोरी तिच्या बोटावर ताणलेली. मान ताठ. ती वळत नाही.

फिरकी पुन्हा फिरते. आधी अडखळत, मग सलग.

दृश्य एवढंच आहे. फिरकी उचलणारी आई आहे. सवयीने तोंडातून गेलेला एक शब्द आणि त्यानंतर थांबलेला आवाज. इथे प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं की नीरजाने आता वळावं, आईच्या गळ्यात पडावं. तसं लिहून बघा, आणि मग न वळणारी आवृत्ती शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. वळली की दोघींना काही तरी बोलावं लागतं, आणि जे बोलतील ते त्या थांबलेल्या खरखरीपेक्षा हलकं असेल. आई कोणत्या क्षणी पुन्हा ढील देते, एवढाच निर्णय इथे महत्त्वाचा आहे. दोन सेकंद थांबली तर ती सावरलेली वाटेल, सात सेकंद थांबली तर प्रेक्षक श्वास धरेल. संहितेत 'बराच वेळ' असं न लिहिता सेकंद लिहा.

आणखी एक बघा: 'नीरजाला बाबांची आठवण येते' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. कॅमेऱ्याला आठवण दिसत नाही. जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच संहितेत येतं.

पायरी ७: बोलणं

दुःखातल्या घरात माणसं दुःखाबद्दल फारसं बोलत नाहीत. 'जेवलीस का', 'गीझर बंद कर', 'लाइटबिल भरायचं राहिलंय' असंच बोलणं चालतं. नीरजाची आई चिक्की झाकताना 'आपल्याकडे यंदा सण नाही' असं म्हणणार नाही, कारण ते नीरजाला माहीत आहे. ती म्हणेल, 'ताटली रिकामी देऊ नकोस, साखर घाल थोडी.'

भाषा बडोद्याची ठेवा. घरात मराठी, जिन्यात गुजराती. शेजारच्या बाई 'हसुमतीबेन' असतील, 'हसुमतीकाकू' नाही. आपल्या मराठीत फिरकी, ढील, लपेट हे शब्द असेच आहेत, ते पुण्याच्या प्रेक्षकासाठी बदलू नका. त्याला संदर्भाने कळतात.

पायरी ८: मिनिटं मोजा

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टंकाच्या ठरलेल्या मापावर बसलेला आहे. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो कोसळतो. त्यापेक्षा फोनचं स्टॉपवॉच लावा, डोळे मिटा आणि एकेक दृश्य मनात घडू द्या. माळ्यावर चढायला लागतो तेवढा वेळ खरोखर जाऊ द्या. आठ मिनिटांच्या संहितेला हमखास अकरा लागतात. कापायला बसलात की आधी सुरुवात कापा.

पायरी ९: वाचून दाखवा

वर्गमित्रांना वाचून दाखवण्याआधी असं दुःख सोसलेल्या एका मोठ्या माणसाला दाखवा. 'आवडलं का' विचारू नका. 'कुठे खोटं वाटलं' विचारा. ते बहुतेक वेळा एका बारीक वस्तूवर बोट ठेवतात: गेलेल्या माणसाच्या चपला इतक्या लवकर हलवत नाहीत, किंवा चष्मा तेव्हाच कुणाला तरी दिलेला असतो. या दुरुस्त्या वादाशिवाय घ्या.

नटांसाठी सयाजीराव विद्यापीठाच्या नाट्यविभागात विचारा, सूरसागराजवळ आहे. नीरजा करणाऱ्या मुलीला पतंग उडवता यायलाच हवा. हात लगेच खोटे पडतात, आणि या गोष्टीत हातांशिवाय काही नाही.

आता तारखा

नोव्हेंबरअखेर पहिला खर्डा, डिसेंबरच्या मध्यापर्यंत वाचन, १ जानेवारीनंतर संहितेत बदल नाही. पतंग आणि दोरी गेंडीगेटच्या बाजारातून आधीच आणा, १२-१३ तारखेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. दोरी काच न लावलेली, नुसती रंगवलेली सुती घ्या. नायलॉनचा चिनी मांजा २०१७ पासून देशभर बंद आहे आणि तो तुमच्या सेटवर दिसताही कामा नये. गुलाबी दोरी गडद भिंतीपुढे सकाळच्या तिरप्या उन्हात कॅमेऱ्याला दिसते, आभाळापुढे हरवते, म्हणून फ्रेम तशी लिहा. वारा पडला तर काय, हेही लिहून ठेवा: पतंग न दाखवता फ्रेमबाहेर जाणारी दोरी दाखवली तरी दृश्य चालतं, दुसऱ्या टोकाला एक मित्र दोरी ओढत उभा राहील. कठडा नसलेल्या गच्चीवर शूट करू नका.

१४ला कॅमेरा नको, फक्त आवाज घ्या. आरोळ्या, शिट्ट्या, थाळ्या. भोंग्यावरची गाणी आली तर तो तुकडा वापरता येणार नाही, हक्कांचा प्रश्न येतो, म्हणून पहाटेच जा.

१६ला सूर्य साडेसातच्या आत वर येतो. तारांवरचे पतंग सगळ्यात आधी घ्या, कारण सकाळ चढली की लोक आणि सफाईवाले दोरी गोळा करायला लागतात. शूट संपल्यावर आपली दोरीही झाडावर, पत्र्यावर न ठेवता गोळा करून आणा.

फिरकी नवी विकत घेऊ नका. जुनी, दांडा हाताने गुळगुळीत झालेली एखाद्या घरातून मागा. ती कुणाची होती ते विचारून घ्या आणि सेटवर सगळ्यांना सांगा. परत द्यायला दिग्दर्शकाने स्वतः जावं, दोरी नीट गुंडाळून, आणि चहाला थांबवलं तर थांबावं.